'प्रतिषेध' म्हणजे नेमकं काय? मनाई, बंदी, निषेध, प्रतिबंध, मज्जाव: पाटीवर कोणता, कागदावर कोणता?

डाळमिल_जळगाव

राम राम मंडळी. इथल्या एमआयडीसीतल्या डाळमिलसाठी पाट्या आणि नोटिसा मराठीत करून लावायच्या आहेत. मूळ मजकूर बऱ्हाणपूरच्या शाखेकडून हिंदीत आला आहे. त्यात 'प्रवेश निषेध', 'धूम्रपान निषेध', 'वाहन खड़ा करना सख्त मना है' अशा पाट्या आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा एक मोठा तक्ताही आहे, त्याच्या मथळ्यात 'निवारण, प्रतिषेध और प्रतितोष' असं छापलंय.

ऑफिसात दोन मतं आहेत. एक म्हणजे शब्द संस्कृतच आहेत, लिपीही तीच, तर तसेच ठेवावेत; कोशात 'प्रतिषेध'पुढे 'निषेध, मनाई' असंच दिलेलं असतं. दुसरं मत, सगळीकडे सरसकट 'मनाई' लिहून मोकळं व्हावं. मला दोन्ही पटत नाहीत, पण का पटत नाहीत ते नीट मांडता येत नाही. 'प्रतिषेध' हा मराठीत चालता शब्द आहे का? असेल तर कुठे? आणि कुठल्या शब्दापुढे कुठला प्रत्यय लागतो तेही सांगा, कारण 'प्रवेशाची बंदी', 'प्रवेशावर मनाई' असलं काहीही लिहून येतंय.

अमळनेरकर

आधी तो तक्ता बाजूला काढा, कारण खरा घोटाळा तिथे होणार आहे. पाटीवर शब्द चुकला तर लोक हसतील, तक्त्यावर चुकला तर अर्थच फिरेल.

त्या कायद्याच्या नावात तीन कामं आहेत: छळ होऊच नये म्हणून आधीची तजवीज, छळ करण्यास मज्जाव, आणि झालाच तर तक्रारीची दाद. हिंदीत त्यांना अनुक्रमे निवारण, प्रतिषेध, प्रतितोष म्हणतात. मराठीत शासन निर्णयांतून येणारं रूप आहे 'प्रतिबंध, मनाई व निवारण'. आता नीट बघा. हिंदीत 'निवारण' पहिल्या जागी आहे, मराठीत शेवटच्या. हिंदीतलं निवारण म्हणजे घडू न देणं. मराठीत आपण 'तक्रार निवारण' म्हणतो, म्हणजे घडल्यावर दूर करणं. हिंदी मथळा जसाच्या तसा उचलला तर मराठी वाचणारी बाई 'निवारण' वाचून तक्रारीची दाद समजेल, 'प्रतिषेध'वर अडखळेल आणि 'प्रतितोष'ला तर काहीच समजणार नाही. म्हणून तिथे 'प्रतिबंध, मनाई व निवारण' हेच लिहा, क्रम न बदलता.

आता 'निषेध'. संस्कृतात आणि हिंदीत तो मनाईच आहे. मराठीतही जुना अर्थ पुसला गेलेला नाही. 'विधिनिषेध' म्हणतो तेव्हा तोच असतो, आणि 'निषिद्ध' हे विशेषण तर रोजच्या वापरात आहे. पण सुटा 'निषेध' आज मराठीत एकाच अर्थाने ऐकू येतो, तो म्हणजे धिक्कार. निषेध मोर्चा, निषेध सभा, काळ्या फिती लावून निषेध. गेटवर 'प्रवेश निषेध' लिहिलं तर आत येण्याविरुद्ध कुणीतरी घोषणा देतंय असं वाटतं. भुसावळ स्टेशनावर वावरणाऱ्या माणसाला हिंदी पाट्यांमुळे ते खटकत नाही, सवय झालेली असते. म्हणून ते मराठी होत नाही. 'निषेध'च्या जागी 'निषिद्ध' केलं की काम भागतं: प्रवेश निषिद्ध, धूम्रपान निषिद्ध.

शब्दांची जात ओळखायची सोपी खूण त्यांच्यामागे येणाऱ्या विशेषणात आहे. मनाई 'सक्त' असते. बंदी 'संपूर्ण' किंवा 'कडक' असते. निषेध 'तीव्र' किंवा 'जाहीर' असतो. 'सक्त निषेध' किंवा 'तीव्र मनाई' कुणी म्हणत नाही. म्हणजे ही एकाच मापाची भांडी नव्हेत.

प्रत्ययांचं म्हणाल तर 'मनाई'ला कृती चतुर्थीत लागते: 'प्रवेशास मनाई', 'गाडी उभी करण्यास मनाई'. कुणाला मनाई तेही सांगता येतं: 'कामगारांना आत तंबाखू नेण्यास मनाई आहे'. 'बंदी' वर बसते: 'प्लास्टिकवर बंदी', 'विक्रीवर बंदी', पण माणसाला किंवा कृतीला असेल तर 'अवजड वाहनांना बंदी', 'उत्खननास बंदी' हेही शुद्धच. 'मज्जाव' आणि 'प्रतिबंध' यांनाही 'स/ला'च. 'निषेध'ला मात्र 'चा': घटनेचा निषेध. आणि 'निषिद्ध' विशेषण असल्यामुळे त्याच्याआधी काही प्रत्यय नको, 'प्रवेशास निषिद्ध' हे चूक. तुमचं 'प्रवेशावर मनाई' जिथून आलं ते 'बंदी'चं बांधकाम आहे.

अर्थांमधला फरक असा की मनाई हा हुकूम आहे, तोंडी असो की लेखी. बंदी हे धोरण आहे, बहुतेक वेळा वस्तूवर किंवा व्यवहारावर आणि सगळ्यांसाठी. मज्जाव प्रत्यक्ष दारात होतो. वॉचमन हात आडवा करतो तो मज्जाव. प्रतिबंध म्हणजे वाटेत बांध घालणं, म्हणून रोगप्रतिबंधक लस असते, रोगमनाई लस नसते. निर्बंध म्हणजे पुरती मनाई नव्हे, अटी. ठरावीक वेळात ट्रक आत घ्यायचे नसतील तर ते निर्बंध, मनाई म्हणू नका. आणि वर्ज्य हे माणूस स्वतःहून किंवा रीतीने पाळतो. चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की सुटतं. कुणी हुकूम काढलेला नसतो. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य, तेही तसंच.

'-बंदी' जोडशब्दाच्या शेवटी आली की जपून, तिथे ती नेहमीच मनाई नसते. नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांत ती मनाई आहे. आदर्श गाव योजनेमुळे हे शब्द खेड्यापाड्यात पाठ आहेत. पण तटबंदीत बांधणं आहे, नाकाबंदीत वाट रोखून तपासणं आहे, आणि 'जमाबंदी' तर जमीन महसुलाची आकारणी. 'जमावबंदी'तला 'व' टंकताना गळला की पोलिसांचा आदेश थेट महसूल खात्यात जातो. तलाठ्याच्या कागदांवर बसणाऱ्यांना हे सांगायला नको.

पाटीपेंटर_भुसावळ

शब्दांचं वर आलंच आहे, मी पत्र्यावरचं सांगतो. कोशातला शुद्ध शब्द आणि वीस फुटांवरून वाचता येणारा शब्द हे वेगळे असतात.

'प्रतिषेध' पाटीवर घेऊच नका. 'ष'च्या पोटातली तिरपी रेघ बारीक असते, दोन उन्हाळ्यांत ती उडते आणि 'प्रतिपेध' उरतो. 'निषिद्ध'मध्ये तीच रेघ, शिवाय 'द्ध' जोडाक्षर. ब्रश जाड असला तर 'द्ध'ची पोकळी भरते आणि लांबून नुसता गोळा दिसतो. 'निषिद्ध' लिहायचंच असेल तर अक्षर किमान चार इंची घ्या, नाहीतर 'मनाई' घ्या. म, न, ई, तिन्ही अक्षरं उघडी, जोडाक्षर एकही नाही.

अक्षराच्या उंचीचा ठोकताळा: दहा फुटांवरून नीट वाचायचं तर एक इंच. ट्रकवाल्याला गेटपासून पन्नास फुटांवर कळायला हवं असेल तर पाच इंच. हे माप शिरोरेघेपासून खालचं धरायचं. वेलांट्या, मात्रा, रफार यांना वर आणि उकारांना खाली जागा वेगळी सोडायची. इंग्रजी पाटीच्या मापावर मराठी मजकूर बसवायला गेलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात ते यामुळेच. दोन ओळींत निदान अक्षराच्या निम्म्याएवढी जागा ठेवा.

ओळ कुठे तोडता ते बघा. 'येथे थुंकू' एका ओळीत आणि 'नये' दुसऱ्या ओळीत लहान करून टाकलं तर खालची ओळ चिखलाने झाकली की उरतं ते आमंत्रण. नकार आणि क्रियापद एका ओळीत राहू द्या. 'मनाई' हा शब्द लाल रंगात रंगवायची फार हौस असते लोकांना. आपल्याकडच्या उन्हात लाल आधी फिका पडतो, काळा टिकतो. म्हणजे पहिला उडतो तो नेमका मनाईचा शब्द. चौकट लाल करा, अक्षर काळं, पाया पांढरा.

पत्रा जस्ताचा असेल तर त्यावर थेट ऑइलपेंट मारू नका. जस्त आणि तेलरंग यांची आतून प्रक्रिया होते, रंग पकड सोडतो आणि पापुद्रे निघतात. आधी घासून, धुऊन, जस्तावर चालणारा एच (etch) प्रायमर, मग रंगाचे दोन हात. साध्या लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइड चालतं.

धूम्रपानाच्या पाटीला स्वतःच्या मनाने माप घ्यायचं नाही, ते नियमात ठरलेलं आहे. पाटी किमान ६० बाय ३० सेंटिमीटर, पाया पांढरा, त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड ३ सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद नको, आत सिगारेट किंवा बिडीचं चित्र काळ्या धुरासकट, त्यावर तेवढ्याच रुंदीचा लाल पट्टा आडवा. खाली 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे' हा मजकूर. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही ठळकपणे लावावं लागतं. दंड २०० रुपयांपर्यंत. 'नो स्मोकिंग' एवढंच लिहून भागत नाही. डाळमिलमध्ये तर दुसरंही कारण आहे, हवेत तरंगणारी डाळीची भुकटी ठिणगीने पेट घेते. ते वेगळ्या पाटीवर लिहा, 'उघडी ज्योत व ठिणगी उडेल असे काम करण्यास सक्त मनाई'. नियमाच्या पाटीत भर घालू नका.

आणि 'मना आहे' नको. अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा'. 'आठे गाडी लावणं मना' असं वाचून पोरं म्हणतात, बरं, गाडी तुनी तर तुनी!

शेतरस्ता_चोपडा

विषयाला धरूनच विचारतो. शेतरस्त्याच्या भानगडीत तीन कागद बघायला मिळतात. तहसीलदाराच्या कागदावर 'मनाई', दिवाणी कोर्टाच्या कागदावर 'तूर्तातूर्त मनाई हुकूम', आणि सणावाराला पेपरात 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. हे सगळं एकच का? मोडलं तर एकच शिक्षा का? आणि यात ते 'प्रतिषेध' कुठे बसतं?

कोर्टकचेरी_धुळे

शब्द एक, पण हुकूम काढणारा वेगळा, म्हणून कागद वेगळा. मनाई वाचताना पहिला प्रश्न हाच, कुणी केली आणि कुणाला.

दिवाणी कोर्टाची मनाई ही दोन पक्षांमधली असते. दावा चालू असेपर्यंतची ती तूर्तातूर्त, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चा आदेश ३९, नियम १ आणि २ खाली. तिचा अर्ज दाव्यात निशाणी ५ ला (दाव्यातल्या कागदाचा क्रमांक) लागतो, म्हणून पक्षकार नुसतं 'नि. ५ वर काय झालं' असं विचारतात. कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी केस आहे का, गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतं, आणि मनाई दिली नाही तर भरून न येणारं नुकसान होईल का. तिन्ही लागतात. बहुतेक अर्ज फसतात ते तिसऱ्यावर, कारण अर्जात 'अपरिमित नुकसान होईल' एवढंच लिहिलेलं असतं, कशाचं ते लिहिलेलं नसतं. केळीचा घड उतरायला आलाय आणि ट्रॅक्टर बांधापर्यंत जात नाही, हे लिहा, तारखेसकट.

समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई मिळाली तर काम संपत नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदांच्या नकला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला पाठवून तसं शपथेवर कळवायचं असतं, आणि कोर्टाने तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा असतो. नकला पाठवण्यात कसूर झाली की समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

निकालात मिळते ती निरंतर मनाई, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ३८. त्याच कायद्यात कलम ३९ आहे, आणि तिथे मराठी शब्दाची पंचाईत होते. कोर्ट 'टाकलेले दगड उचल' असा हुकूम देतं, म्हणजे करायला सांगतं, तरी त्याचं नाव 'आदेशात्मक मनाई हुकूम'. नुसतं नाव वाचून काही करायचं नाही असं समजू नका, आतला हुकूम वाचा. 'स्थगिती' हाही वेगळा प्राणी. मनाई माणसाला थांबवते, स्थगिती एखाद्या निकालाची किंवा कार्यवाहीची अंमलबजावणी थांबवते. 'जैसे थे' म्हणजे आहे तसं ठेवा. पण आहे कसं, यावरच भांडण असेल तर त्या आदेशाने भांडण वाढतं. पंचनामा नाहीतर फोटो आधी दाखल करा.

दिवाणी मनाई मोडली तर आदेश ३९ नियम २-अ खाली अर्ज करायचा. मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात जाऊन 'मनाई मोडली, गुन्हा नोंदवा' म्हणणारे परत पाठवले जातात ते म्हणूनच. आधी कोर्टात जावं लागतं.

तहसीलदाराची मनाई मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ मधली. वहिवाटीचा रस्ता अडवला, पाटाचं किंवा नैसर्गिक वाहणारं पाणी अडवलं, तर अडथळा काढणं आणि पुन्हा अडवू नये म्हणून मनाई, दोन्ही मिळतं. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा, ही मुदत लोक हमखास घालवतात, 'समजुतीने मिटेल' म्हणत. तिथे अपील नाही, पुनरीक्षण (रिव्हिजन) आहे. नवीनच रस्ता मागायचा असेल तर ते कलम नव्हे, जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३.

पेपरातला मनाई आदेश सगळ्या जनतेला असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७ (१) आणि (३). पहिल्यात शस्त्रं, दांडकी, दगड बाळगणं येतं, तिसऱ्यात जमाव आणि मिरवणूक. जमावाचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपुढे चालत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार इथे पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून तो जिल्हादंडाधिकारी काढतात. मोडला तर कलम १३५. 'जमावबंदी' म्हणून ओळखलं जाणारं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १४४ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. मुदत दोन महिने, राज्य शासनाला ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येते. त्याचा भंग झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, जे आधी भारतीय दंड संहितेचं १८८ होतं.

'प्रतिबंधात्मक कारवाई' ही याहून वेगळी. ती आदेश मोडल्याची शिक्षा नव्हे, पुढे काही करू नये म्हणून आधीच घेतलेला बाँड. बातमीत 'मनाई' आणि 'प्रतिबंधात्मक' एकमेकांच्या जागी टाकतात, तसं टाकू नये.

राहिला 'प्रतिषेध'. मराठी कायद्यात त्याचं एक घर पक्कं आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये पाच प्राधिलेख (रिट) आहेत: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण. प्रतिषेध म्हणजे वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाला किंवा न्यायाधिकरणाला 'हे तुझ्या अधिकारात नाही, पुढे चालवू नकोस' असं बजावणं. शेजाऱ्याविरुद्ध प्रतिषेध मिळत नाही. काम चालू असतानाच तो मागायचा. निर्णय होऊन गेला की मग प्राकर्षण, म्हणजे तो निर्णय मागवून रद्द करणं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ही याचिका औरंगाबाद खंडपीठात जाते. आणि गंमत म्हणजे त्याच संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १५, २३, २४ मध्ये भेदभाव, वेठबिगार आणि बालकांना कारखान्यात ठेवणं यांना साधी 'मनाई' आहे. इतकी मोठी गोष्ट 'मनाई'ने भागते, तर डाळमिलच्या गेटला 'प्रतिषेध' कशाला?

व्याकरण_शहादा

'प्रतिषेध'चं दुसरंही घर आहे, जुनं. 'निषेध' आणि 'प्रतिषेध' एकाच 'सिध्' धातूचे, उपसर्गातल्या इकारामुळे 'स'चा 'ष' झाला. म्हणून 'प्रतिशेध', 'निशिद्ध' ही लेखनं चूक.

संस्कृत शास्त्रांत नकाराचे दोन प्रकार करतात, पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध. नकार नामाला चिकटला तर पर्युदास, क्रियेला चिकटला तर प्रसज्यप्रतिषेध. मराठीत आजही हा फरक उपयोगी पडतो. 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश' यात नकार व्यक्तीला आहे, 'व्यक्तींनी प्रवेश करू नये' यात क्रियेला. दोन्ही एकाच वाक्यात घातले की काय होतं ते पाटीवर दिसतं: 'परवानगीशिवाय प्रवेश न करण्यास मनाई'. याचा सरळ अर्थ, परवानगी नसेल तर आत आलंच पाहिजे. 'मनाई'च्या पोटात नकार आहेच, तिच्याआधी 'न' किंवा 'नये' घालायचा नाही.

पाणिनीच्या 'विप्रतिषेधे परं कार्यम्' (१.४.२) मधला विप्रतिषेध मात्र मनाई नव्हे. तिथे सारख्या बळाचे दोन नियम एकाच जागी भिडतात आणि नंतरचा लागू होतो. सरकारी परिपत्रकं वाचणाऱ्यांना हे सूत्र न शिकता कळतं.

एका गोष्टीत अमळनेरकरांशी थोडा मतभेद. 'प्रतिबंध' फक्त आधीची तजवीज असं मराठी कायद्यात राहिलेलं नाही. 'हुंडा प्रतिबंध', 'बालविवाह प्रतिबंध' यांत ती मनाईच आहे. हिंदीत त्याच कायद्यांना 'प्रतिषेध' आहे. उलट 'भ्रष्टाचार प्रतिबंधक', 'अत्याचार प्रतिबंध' यांत आळा घालणं आहे. तुकडेबंदीचंच घ्या. लोक 'तुकडेबंदी' म्हणतात, १९४७ च्या अधिनियमाच्या नावात 'तुकडे पाडण्यास प्रतिबंध' आहे. म्हणून कायद्याचं नाव घेताना अर्थावरून शब्द बसवू नका, छापील मराठी नाव बघून तेच उतरवा.

अमळनेरकर

मान्य. दोन्ही कामं एका शब्दावर टाकून मराठी कायद्याने सोय केली आणि घोळही. २०१३ च्या कायद्यात प्रतिबंध आणि मनाई शेजारी शेजारी आल्यामुळे तरी तिथे फरक ठेवावाच लागला.

डाळमिल_जळगाव

सगळ्यांचे आभार. असं करतोय, बघा:

गेट: 'परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे.'
गेटबाहेर: 'गेटसमोर वाहने उभी करण्यास कायद्याने सक्त मनाई. हुकमावरून.'
ट्रकसाठी: 'सकाळी ८ ते ११ ट्रक आणण्यावर निर्बंध.'
तक्ता: 'प्रतिबंध, मनाई व निवारण'.

कोर्टकचेरी_धुळे

गेटबाहेरची पाटी बदला. बाहेरचा रस्ता तुमचा नाही, आणि 'कायद्याने', 'हुकमावरून' लिहायला आधी कुणाचा तरी हुकूम लागतो. रस्त्यावर वाहनं उभी करण्यास मनाई करायचे अधिकार मोटार वाहन अधिनियम १९८८ खाली ठरलेल्या प्राधिकाऱ्याला आहेत. तसा आदेश निघाला असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख पाटीच्या खालच्या ओळीत टाका. नसेल तर 'गेटसमोर वाहन उभे करू नये, मालाच्या गाड्यांची ये-जा असते' एवढंच लिहा. कारण दिलेली विनंती लोक पाळतात, खोट्या हुकमाला हुज्जत घालतात.

तक्त्यावर मथळा बरोबर आहे, पण नुसता मथळा लावून भागत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते, आणि ती नेमल्याचा आदेश व छळ केल्यास होणारे परिणाम ठळक जागी लावावे लागतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, चौकशी ९० दिवसांत संपवायची. हेही तक्त्यावर मराठीत येऊ द्या. समिती नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. बऱ्हाणपूरच्या समितीची नावं तशीच छापू नका, प्रत्येक ठिकाणची समिती वेगळी लागते.

पाटीपेंटर_भुसावळ

'सकाळी ८ ते ११ ट्रक आणण्यावर निर्बंध' ड्रायव्हरला कळणार नाही. निर्बंध म्हणजे काय, अर्धा ट्रक आणू का, असं विचारेल. 'सकाळी ८ ते ११ ट्रक आत घेतले जाणार नाहीत' असं लिहा, आणि आकडे अक्षरांपेक्षा दीडपट मोठे घ्या. बाहेरगावच्या ड्रायव्हरसाठी खाली हिंदीतही एक ओळ टाका, तिथे 'निषेध' खुशाल लिहा.